चिकासॉ नेशनचे गव्हर्नर बिल अनोआटबी: कसिनोच्या आधीची सोळा वर्षं

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या चिकासॉ नेशन या मूलनिवासी राष्ट्राचे गव्हर्नर बिल अनोआटबी १९८७ पासून सलग निवडून येत आहेत. एवढ्या काळात जमातीची भरभराट झाली, त्यात त्यांचं कर्तृत्व किती आणि कसिनोच्या पैशाचं किती?

थोडक्यात सांगायचं तर कसिनोने पैसा आणला, पण तो पचवण्याची यंत्रणा कसिनोच्या आधी उभी होती. ती उभी करणारा माणूस हिशेबनीस होता, आणि माझ्या मते त्यांच्या नेतृत्वाची खरी किल्ली तिथेच आहे. डॅलसहून आय-३५ महामार्गाने उत्तरेला जाणाऱ्या मराठी मंडळींना रेड रिव्हर ओलांडताच थॅकरविलचा प्रचंड विनस्टार कसिनो दिसतो आणि जमातीची सगळी कथा तिथूनच सुरू झाली असावी असं वाटतं. विनस्टार उघडला २००३-०४च्या सुमारास. अनोआटबी तेव्हा सोळा वर्षं गव्हर्नर होते, आणि त्याआधीची बारा वर्षं जमातीच्या नोकरीत होते.

आधी हे पद समजून घेऊ. ओक्लाहोमा राज्याचा स्वतंत्र गव्हर्नर असतो. चिकासॉ गव्हर्नर त्याच्या हाताखाली नसतो. तो एका वेगळ्या सरकारचा निवडून आलेला कार्यकारी प्रमुख असतो आणि त्या सरकारचा संबंध थेट वॉशिंग्टनशी असतो. चिकासॉंचं मूळ घर आजच्या उत्तर मिसिसिपीच्या परिसरात. १८३२च्या पॉन्टोटॉक क्रीक तहाने ती भूमी गेली. १८३७ला त्यांनी चॉक्टॉ जमातीला ५,३०,००० डॉलर मोजून पश्चिमेकडच्या त्यांच्या प्रदेशात वसण्याचा हक्क विकत घेतला. १८५५च्या तहाने चॉक्टॉंपासून वेगळं सरकार मिळालं आणि १८५६ला टिशोमिंगो इथे राज्यघटना झाली. गव्हर्नर हे पद तेव्हाचं, पहिले गव्हर्नर सायरस हॅरिस.

पुढे १८९८च्या कर्टिस कायद्याने सामाईक जमीन माणशी वाटायला सुरुवात झाली, जमातीची न्यायालयं बंद पडली. १९०६च्या कायद्याने जमातीचं सरकार कागदावर शिल्लक राहिलं, पण गव्हर्नर नेमायचा अधिकार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे गेला. डग्लस जॉन्स्टन १८९८ ते १९०२ आणि पुन्हा १९०४ ते १९३९ गव्हर्नर होते. त्यातली शेवटची तीन दशकं ते नेमलेले होते, निवडलेले नव्हते. त्यांच्यानंतर फ्लॉइड मेटबी १९६३पर्यंत. या काळातल्या गव्हर्नराचं काम मुख्यतः उरलेल्या मालमत्तेची विल्हेवाट लावणं आणि सरकारवर दावे लढवणं. चिकासॉ आणि चॉक्टॉ यांच्या सामाईक कोळशाच्या आणि डांबराच्या जमिनी १९४०च्या दशकाच्या शेवटी ८५ लाख डॉलरना केंद्र सरकारला विकल्या गेल्या, हे त्या काळाचं नमुन्यादाखल उदाहरण.

हे चित्र पालटायला सुरुवात केली ओव्हर्टन जेम्स यांनी. १९६३ला त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते ३८ वर्षांचे होते. आपल्याला नेमणाऱ्या व्यवस्थेविरुद्धच त्यांनी बाजू मांडली: गव्हर्नर लोकांनी निवडावा. १९७०च्या ऑक्टोबरात तसा केंद्रीय कायदा झाला आणि १९७१ला, १९०४ नंतर प्रथमच, चिकासॉंनी मतदान करून गव्हर्नर निवडला. निवडून जेम्सच आले. (त्यांच्या आई विनी मे जेम्स ह्यूम्स यांनी पती जेस ह्यूम्स यांच्याबरोबर १९७३ला चिकासॉ भाषेचा शब्दकोश केला, भाषेच्या पुढच्या कामाचा तो पाया ठरला.) १९७९च्या नव्या घटनेला न्यायालयात आव्हान मिळालं, आणि आज लागू असलेली घटना १९८३ला मंजूर झाली. तिच्यानुसार गव्हर्नर चार वर्षांसाठी, १३ सदस्यांचं विधिमंडळ तीन वर्षांसाठी आणि वेगळं न्यायमंडळ. पॉन्टोटॉक, पिकन्स, टिशोमिंगो आणि पॅनोला हे चार मतदारजिल्हे. गव्हर्नराने किती वेळा निवडून यावं यावर मर्यादा नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, टीकेकडे येताना लागेल.

आता अनोआटबी. जन्म ८ नोव्हेंबर १९४५, टिशोमिंगो. वडील लहानपणीच वारले, आईने मुलांना वाढवलं. १९६४ला शाळा संपवून ते ओक्लाहोमा नॅशनल गार्डमध्ये गेले, टिशोमिंगोच्या मरे स्टेट कॉलेजात आणि मग एडा गावच्या ईस्ट सेंट्रल स्टेटमध्ये शिकले. १९७२ला लेखाशास्त्रातली पदवी घेऊन खाजगी कंपन्यांत हिशेब आणि अंदाजपत्रकाचं काम केलं. १९७५ला जमातीच्या आरोग्य विभागाचे संचालक, १९७६ला वित्त विभाग, मग गव्हर्नर जेम्स यांचे विशेष सहाय्यक आणि नियंत्रक, १९७९ला उपगव्हर्नर, आणि १९८७ला गव्हर्नर. म्हणजे सत्तेवर येण्याआधी त्यांनी जमातीची प्रत्येक वही आतून पाहिली होती. आणि १९७५ हे साल अगदी नेमकं आहे. त्याच वर्षी जानेवारीत ‘इंडियन’ (म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासी) जमातींचा स्वयंनिर्णय कायदा झाला होता, ज्याला या क्षेत्रात सगळे त्याच्या सार्वजनिक कायदा क्रमांकावरून ‘९३-६३८’ किंवा नुसतं ‘६३८’ म्हणतात. इथे जरा थांबायला हवं, कारण हा भाग कळला नाही तर अनोआटबींची कारकीर्द कळत नाही.

६३८च्या आधी जमातीसाठीचा दवाखाना, शाळा, घरबांधणी, रस्ते सगळं केंद्राची खाती चालवत: इंडियन अफेअर्स ब्यूरो आणि इंडियन हेल्थ सर्व्हिस. कायद्याने जमातीला हक्क दिला की ‘हे काम आम्ही करतो, त्यावर तुम्ही करत होता तेवढा पैसा आमच्याकडे वळवा’ असं म्हणता येईल. जमातीने प्रस्ताव द्यायचा. खात्याला ९० दिवसांत मान्य तरी करावा लागतो, किंवा कायद्यात लिहिलेल्या मोजक्या कारणांपैकी एखाद्यावर बोट ठेवून नाकारावा लागतो. ‘तुम्हाला जमणार नाही असं आम्हाला वाटतं’ हे पुरेसं कारण नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर.

कागदावर हे सोपं आहे. गाडं अडतं ते अप्रत्यक्ष खर्चावर. समजा जमातीने दहा लाख डॉलरचा कार्यक्रम घेतला. त्यासाठी लेखापाल, विमा, खरेदी विभाग, पगारपत्रक, संगणक, लेखापरीक्षण हे सगळं लागतं. केंद्राच्या खात्याला हे दुसऱ्या सरकारी विभागांकडून आपोआप मिळत होतं, जमातीला स्वतः उभं करावं लागतं. त्यासाठी केंद्राच्या इंटिरियर खात्याशी (इंडियन अफेअर्स ब्यूरो ज्याच्या अखत्यारीत येतो) अप्रत्यक्ष खर्चाचा दर ठरवून घ्यायचा असतो. दर २५ टक्के निघाला तर वरचे अडीच लाख मिळायला हवेत. अनेक वर्षं संसदेने ही रक्कम अपुरी ठेवली. अडीच लाखांपैकी पावणेदोनच आले तर उरलेले ७५ हजार जमातीने रुग्णांच्या औषधातून काढायचे की शिक्षकाच्या पगारातून? म्हणजे जितकी कामं अंगावर घ्याल तितकी तूट वाढणार. कित्येक जमाती या सापळ्यात सापडून घेतलेलं काम परत करून मोकळ्या झाल्या. २००५ला आणि पुन्हा २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने जमातींच्या बाजूने निकाल दिले, तेव्हा कुठे २०१४पासून हा खर्च पुरा मिळू लागला.

दुसरी अडचण लेखापरीक्षणाची. १९८४च्या कायद्यानुसार केंद्राचा ठरावीक मर्यादेहून जास्त पैसा घेणाऱ्याने दरवर्षी एकत्रित लेखापरीक्षण करून घ्यायचं असतं. एखाद्या अनुदानातला पैसा दुसऱ्या कामाला वापरला, वेळेची नोंद नसताना पगार टाकला, निविदा न काढता खरेदी केली, की ती रक्कम ‘प्रश्नांकित खर्च’ म्हणून नोंदवली जाते आणि परत मागितली जाऊ शकते. छोट्या जमातीत हे फसवणुकीतून क्वचितच होतं. बहुतेकदा पगाराच्या तारखेला हातात रोख नसते, ज्या खात्यात पैसे दिसतात त्यातून भागवलं जातं, आणि वर्षअखेरीला तोंडमिळवणी होत नाही. एकदा असे आक्षेप साचले की केंद्र आगाऊ रक्कम देणं थांबवून खर्चाच्या पावत्यांवर परतफेड सुरू करतं, त्याने रोखीची चणचण आणखी वाढते. आणि याच्या वरची पायरी, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा करार न करता एकगठ्ठा रक्कम घेऊन प्राधान्यक्रम स्वतः ठरवण्याचा ‘स्वशासन करार’, त्यासाठी मागच्या तीन वर्षांची आर्थिक शिस्त दाखवावी लागते.

आता परत अनोआटबींकडे बघा. पहिल्यांदा आरोग्य, मग वित्त, मग नियंत्रक. सत्तेत आल्यावर त्यांचं लक्ष आर्थिक नियंत्रणाची घडी बसवणं, केंद्रावरचं अवलंबित्व कमी करणं आणि व्यवसाय वाढवणं यावर राहिलं. १९८७ला नेशनकडे सुमारे अडीचशे कर्मचारी होते आणि वर्षाचा सगळा निधी १.१ कोटी डॉलरच्या आसपास, तोही जवळपास सगळा केंद्राकडून. आज कर्मचारी १३ हजारांहून जास्त आहेत. हा पल्ला गाठणाऱ्या नेत्याचं नाव भाषणांसाठी कमी आणि ताळेबंदासाठी जास्त घेतलं जातं, हे मला तरी स्वाभाविक वाटतं.

आरोग्यसेवा हे या पद्धतीचं सर्वांत चांगलं उदाहरण. एडा इथलं जुनं रुग्णालय १९८०चं. १९९४ला नेशनने आपल्या हद्दीतली आरोग्य यंत्रणा इंडियन हेल्थ सर्व्हिसकडून स्वतःकडे घेतली. त्या वेळी हे पाऊल टाकणाऱ्या जमाती थोड्या होत्या. ताबा घेतल्याने दोन गोष्टी बदलतात. नेमणुका आणि वेळापत्रक तुमच्या हातात येतं. आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा), मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा, केंद्र आणि राज्य मिळून भार उचलतात तो विमा), खाजगी विमा यांच्याकडून येणारी वसुली तुमच्याच दवाखान्यात परत फिरते. जमातीच्या केंद्रात उपचार घेतलेल्या मूलनिवासी रुग्णाच्या मेडिकेडचा सगळा भार केंद्र उचलतं, राज्याला त्यात हिस्सा द्यावा लागत नाही. त्यामुळे राज्य सरकारलाही जमातीचा दवाखाना मोठा होणं परवडतं. पण वसुलीसाठी प्रत्येक भेटीचं बिल नीट संकेतांकित करून वेळेत पाठवावं लागतं. ज्या जमातींनी दवाखाना घेतला पण बिलिंगचा विभाग कच्चा ठेवला, त्यांच्या हातचा पैसा तसाच गळत राहिला.

२०१०ला एडाच्या दक्षिणेला नवं चिकासॉ नेशन मेडिकल सेंटर उघडलं: ३,७०,००० चौरस फूट, ७२ खाटा. हे ‘संयुक्त उपक्रम’ योजनेतून झालं. इमारत जमातीने स्वतःच्या पैशाने बांधायची, आणि केंद्राने किमान वीस वर्षं कर्मचारी आणि चालवण्याचा खर्च द्यायचा. केंद्राच्या बांधकामाच्या यादीत नंबर लागायला पिढी जाते. ज्याच्याकडे रोख आहे तो रांग ओलांडतो. कसिनोचा पैसा इथे कामाला आला, पण तो आला म्हणून रुग्णालय झालं असं म्हणणं अर्धं खरं. सोळा वर्षं आरोग्य यंत्रणा चालवून दाखवली नसती तर वीस वर्षांच्या वचनाची रांग कुणी ओलांडू दिली नसती. २०२१च्या मार्चमध्ये, लसीसाठी सगळीकडे धावपळ असताना, याच यंत्रणेने जमातीबाहेरच्या ओक्लाहोमावासीयांनाही कोविडची लस द्यायला सुरुवात केली.

आता जुगार. १९८८च्या केंद्रीय कायद्याने तीन वर्ग केले. पहिला पारंपरिक खेळांचा, तो सोडून द्या. दुसरा बिंगो आणि त्यावर आधारित यंत्रांचा. त्याला राज्याची परवानगी लागत नाही आणि राज्याला वाटा द्यावा लागत नाही. तिसरा लास व्हेगाससारख्या खेळांचा. त्याला राज्याशी करार लागतो. ओक्लाहोमात २००४च्या नोव्हेंबरात मतदारांनी सार्वमतातला प्रश्न क्रमांक ७१२ मंजूर केला आणि नमुना करार कायद्यातच आला. यंत्रांच्या निव्वळ उत्पन्नातून पहिल्या एक कोटी डॉलरवर ४ टक्के, पुढच्या एक कोटीवर ५ आणि त्यावर ६ टक्के राज्याला. बदल्यात राज्याने हा धंदा इतरांना मोकळा करायचा नाही. ही रक्कम कर नसून त्या मक्तेदारीची किंमत आहे. म्हणूनच जमाती दुसऱ्या वर्गाची यंत्रं पूर्णपणे काढून टाकत नाहीत. राज्याशी बिनसलं तर तीच यंत्रं चालू राहतात आणि त्यांवर राज्याला काही द्यावं लागत नाही.

जागेचं महत्त्वही सांगायला हवं. १९८८ नंतर विश्वस्त ताब्यात घेतलेल्या (म्हणजे जमातीसाठी केंद्र सरकारच्या नावावर ठेवलेल्या) जमिनीवर सहसा कसिनो काढता येत नाही, पण ओक्लाहोमात जमातीच्या जुन्या राखीव हद्दीतल्या जमिनीला सूट आहे. चिकासॉंची हद्द ७,६४८ चौरस मैल, १३ काउंट्यांमध्ये पसरलेली, आणि तिची दक्षिण कड म्हणजे रेड रिव्हर. पलीकडे टेक्सास, जिथे असा मोठा कसिनो कायदेशीर नाही, आणि तासा-सव्वा तासावर डॅलस-फोर्ट वर्थची लोकवस्ती. विनस्टार जगातल्या सर्वांत मोठ्या कसिनोंपैकी एक झाला तो या भूगोलामुळे. हाच भूगोल उद्या धोकाही आहे: टेक्सासने कसिनो कायदेशीर केले तर पहिला फटका थॅकरविलला बसेल. २०२०च्या वसंतात कोविडने सगळे कसिनो काही आठवडे बंद ठेवावे लागले, तेव्हा एका स्रोतावर टेकण्याची किंमत सगळ्यांनाच दिसली.

पैसा कशावर खर्च करायचा हेही कायद्यात बांधलेलं आहे: जमातीचं सरकार चालवणं, सदस्यांचं कल्याण, आर्थिक विकास, दानधर्म, आणि स्थानिक संस्थांना मदत. सदस्यांना रोख वाटायची तर वेगळी योजना केंद्राकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि वाटलेल्या रकमेवर सदस्याला आयकर पडतो. चिकासॉंनी कसिनोच्या उत्पन्नाचं माणशी रोख वाटप केलं नाही. त्यांनी शिष्यवृत्त्या, घरं, दवाखाने, वृद्धांसाठी जेवण, मुलांच्या कपड्यांसाठी मदत असा मार्ग धरला. माझ्या मते अनोआटबींचा सर्वांत कठीण आणि सर्वांत योग्य राजकीय निर्णय हाच. निवडणुकीत रोख रकमेचं आश्वासन देणं सोपं असतं, आणि एकदा वाटप सुरू झालं की कुणालाही ते बंद करता येत नाही. मग दरवर्षी नवा दवाखाना की मोठा धनादेश अशी ओढाताण चालते. शिवाय ८० हजारांवर सदस्यसंख्या गेली की वाट्याला येणारी रक्कम लहान होत जाते.

व्यवसायांचं जाळं थोडक्यात: केंद्र सरकारची कंत्राटं घेणारी चिकासॉ नेशन इंडस्ट्रीज १९९६पासून, बेड्रे चॉकलेट २०००पासून, २००२ला ओक्लाहोमा सिटीत सुरू केलेली बँक (आजची चिकासॉ कम्युनिटी बँक), रेमिंग्टन पार्क आणि टेक्सासातलं लोन स्टार पार्क ही घोड्यांच्या शर्यतीची मैदानं. सगळे सारखे कमावतात असं नाही. बँकेचं महत्त्व तिच्या नफ्याहून मोठं आहे: विश्वस्त जमिनीवर घर बांधायला इतर बँका कर्ज द्यायला कचरतात, कारण अशी जमीन गहाण घेऊन सहज जप्त करता येत नाही. मूलनिवासींसाठीची केंद्राची हमी असलेली गृहकर्जं या बँकेचं मुख्य काम झालं.

न्यायालयीन लढायांत त्यांचा स्वभाव स्पष्ट दिसतो. १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने ‘ओक्लाहोमा टॅक्स कमिशन विरुद्ध चिकासॉ नेशन’ खटल्यात ठरवलं की जमातीने स्वतःच्या भूमीवर विकलेल्या इंधनावर राज्याला जमातीकडून कर घेता येणार नाही. पण त्याच निकालात ते अर्धं हरले: जमातीत नोकरी करणारा पण तिच्या भूमीबाहेर राहणारा सदस्य राज्याचा आयकर भरणार. राज्याने १९९६ला इंधनकराचा भार पुरवठ्याच्या वरच्या टप्प्यावर हलवला आणि जमातींना त्यातला वाटा देण्याचे करार केले. २००१ला ते पुन्हा सर्वोच्च न्यायालयात हरले. जुगारावरचा केंद्रीय उत्पादन कर जमातीलाही लागू असल्याचं ठरलं. २०११ला चॉक्टॉ नेशनबरोबर सार्डिस तलावाच्या पाण्यावरून राज्य आणि ओक्लाहोमा सिटीवर दावा लावला. पाच वर्षांनी, २०१६च्या ऑगस्टमध्ये, तडजोड झाली आणि डिसेंबरात संसदेने ती कायद्यात आणली. शहराला पाणी मिळालं, तलावाची पातळी ठरावीक मर्यादेखाली जाणार नाही याची हमी मिळाली, आणि पाण्याच्या प्रश्नात जमातींचं स्थान मान्य झालं. २०१५ला विश्वस्त मालमत्तेच्या गैरव्यवस्थापनाच्या जुन्या दाव्यात केंद्राने दोन्ही जमातींना मिळून १८.६ कोटी डॉलर दिले; चिकासॉंच्या वाट्याला ठरलेल्या पाव हिश्श्याने ४.६५ कोटी.

या सगळ्यांत एक धागा आहे: दावा लावायचा, पण वाटाघाटीचं दार उघडं ठेवायचं. २०१९ला राज्याचे गव्हर्नर केव्हिन स्टिट यांनी कसिनोचे करार १ जानेवारी २०२०ला संपतात अशी भूमिका घेतली, तेव्हा मात्र चिकासॉ, चॉक्टॉ आणि चेरोकी यांनी ३१ डिसेंबरलाच केंद्रीय न्यायालय गाठलं. जुलै २०२०ला निकाल आला: करार आपोआप पंधरा वर्षांसाठी नूतनीकृत झाले आहेत. दर वाढवून मागण्याचा राज्याचा आग्रह तिथेच संपला.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ‘मॅकगर्ट’ निकालाने मस्कोगी जमातीची राखीव भूमी कधीच रद्द झाली नव्हती असं ठरलं, आणि मार्च २०२१ला ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने ‘बॉसी’ खटल्यात चिकासॉंबद्दलही तेच म्हटलं. एका रात्रीत प्रश्न उभा राहिला की गुन्हा कोण चालवणार. आरोपी मूलनिवासी असेल तर जमात किंवा केंद्र. आरोपी आणि पीडित दोघंही मूलनिवासी नसतील तर राज्य. आरोपी बाहेरचा आणि पीडित मूलनिवासी असेल तर केंद्र, आणि २०२२च्या ‘कास्त्रो-ह्युएर्ता’ निकालानंतर राज्यही. जमातीच्या न्यायालयाला एरवी एका गुन्ह्याला एक वर्षाचीच शिक्षा देता येते. कायदा शिकलेला न्यायाधीश, आरोपीला वकील अशा अटी पाळल्या तर तीन वर्षं, आणि सगळे गुन्हे मिळून नऊ. रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला हे सगळं त्या क्षणी ठरवता येत नाही, म्हणून परस्पर अधिकारपत्रं लागतात: काउंटीचा पोलीस जमातीच्या वतीने आणि जमातीचा पोलीस काउंटीच्या वतीने अटक करू शकतो. चिकासॉंनी लाइटहॉर्स पोलीस दल २००४लाच पुन्हा उभं केलं होतं आणि असे करार निकालाच्या आधीपासून जमवत आणले होते, त्याचा फायदा झाला. अनोआटबींनी आणखी पुढे जाऊन २०२१ला चेरोकी नेशनबरोबर एका केंद्रीय विधेयकाला पाठिंबा दिला, ज्यामुळे इच्छुक जमातीला फौजदारी अधिकारांबाबत राज्याशी करार करता आला असता. मस्कोगी आणि सेमिनोल या जमातींना हे नुकताच मिळालेला हक्क सोडून देण्यासारखं वाटलं. विधेयक पुढे गेलं नाही. या बाबतीत मला विरोधकांची शंका रास्त वाटते; राज्य सरकार उघड शत्रुत्व करत असताना असा करार बरोबरीने झाला नसता.

भाषा आणि संस्कृतीवर खर्च मोठा झाला. चिकासॉ प्रेस ही प्रकाशनसंस्था २००६ची, भाषा विभाग २००७चा, सल्फर गावचं भव्य सांस्कृतिक केंद्र २०१०चं. तरी पैसा आणि वेळ यांची शर्यत इथे सर्वांत तीव्र आहे. फक्त चिकासॉ बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती एमिली डिकर्सन ३० डिसेंबर २०१३ला वारल्या. ॲप, ऑनलाइन अभ्यासक्रम यांनी शिकणारे हजारो झाले. पण घरात भाषा बोलून वाढणारं मूल तयार करायला ज्येष्ठ भाषकाबरोबर रोज अनेक तास, वर्षानुवर्षं बसावं लागतं, आणि असे ज्येष्ठ थोडे उरले आहेत.

टीका दोन ठिकाणी खरी लागते. पहिली मुक्त गुलामांच्या वंशजांची. चिकासॉंनी आफ्रिकन वंशाचे गुलाम ठेवले होते. १८६६च्या तहानंतरही त्यांनी मुक्त झालेल्यांना नागरिकत्व दिलं नाही, आणि ते आजही मिळालेलं नाही. चेरोकींनी न्यायालयाच्या निकालानंतर हा प्रश्न सोडवला. अनोआटबींच्या एवढ्या लांब कारकिर्दीत चिकासॉ सरकारने तो हाती घेतला नाही. स्वतःवर झालेल्या अन्यायाची भरपाई इतक्या चिकाटीने मागणाऱ्या सरकारने हा हिशेब उघडायला हवा होता, असं मी स्पष्टपणे म्हणेन.

दुसरी टीका सत्तेच्या केंद्रीकरणाची. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांनी बिनविरोध दहाव्या कार्यकाळाची शपथ घेतली. २०१९पासून उपगव्हर्नर आहेत त्यांचे चिरंजीव ख्रिस अनोआटबी. त्यांच्याआधी वीस वर्षं जेफरसन कील होते, ज्यांनी अमेरिकन इंडियन्सच्या राष्ट्रीय काँग्रेसचं अध्यक्षपदही भूषवलं. जमात हीच हजारो लोकांची मालक असताना विरोधी उमेदवार उभा राहणं अवघड होतं, कारण मतदार बऱ्याचदा कर्मचारी असतो किंवा कर्मचाऱ्याच्या घरातला असतो. दुसऱ्या बाजूला याच स्थैर्यामुळे वीस वर्षांचे करार आणि सोळा वर्षांची तयारी शक्य झाली. चार वर्षांत गव्हर्नर बदलणाऱ्या जमातींना धनको जास्त व्याज लावतात. अनोआटबी स्वतः उपगव्हर्नर पदावरून वर आले. हा कार्यकाळ २०२७ला संपतो तेव्हा ते ८१ वर्षांचे असतील, आणि १९८७ नंतर ज्यांनी पहिल्यांदा मतदान केलं त्या चिकासॉंनी गव्हर्नरच्या निवडणुकीत दुसऱ्या कुणाला जिंकताना पाहिलेलं नसेल.